'दन्तुरा' म्हणजे दात करवतीसारखे का?

प्रश्न: दक्षिणकालीची मातीची मूर्ती 'करालवदनां घोरां' या ध्यानावरून (देवीचं रूप वर्णन करणाऱ्या श्लोकांवरून) घडवायची आहे. 'दन्तुरां' इथे घोडं अडलंय. दंतुर म्हटलं की आपल्याला कोकणचा किनारा आठवतो. मग दातांना खाचा पाडायच्या का? आणि 'सृक्क' म्हणजे काय?

उत्तर: खाचा नकोत. पाणिनीचं सूत्रच आहे, 'दन्त उन्नत उरच्' (५.२.१०६). दात पुढे आलेली ती दन्तुरा. सुळ्यांसाठी त्याच ध्यानात 'घोरदंष्ट्रां' वेगळं आलंय, म्हणून इथे वरचे पुढचे दात धरा. ते ओठ ओलसर असतानाच बसवा. दोन्हीकडे ओरखडे काढायचे, मधे पातळ चिखल लावायचा, मग दाबायचं. ओठ सुकल्यावर लावलेला दात सुकताना आकसतो, ओठ मात्र आकसून झालेला असतो. त्यामुळे सांध्याला चीर जाते आणि रंग देताना दात हातात येतो.

सृक्क म्हणजे ओठांचा कोपरा. 'सृक्कद्वयगलद्रक्तधारा', म्हणजे रक्ताच्या धारा दोन, दोन्ही कोपऱ्यांतून. हनुवटीच्या मधोमध एकच ओघळ काढला तर 'द्वय' वाया गेलं.

प्रश्न: आणि जीभ?

उत्तर: या ध्यानात जीभ नाहीच! 'हसन्मुखीं', म्हणजे हसऱ्या चेहऱ्याची, असं आहे. 'जिह्वाललनभीषणा' (लवलवत्या जिभेमुळे भीषण) हे दुर्गा सप्तशतीच्या ७व्या अध्यायातलं, चंड-मुंडांच्या लढाईतलं. कुमारटुलीच्या (कोलकात्यातल्या मूर्तिकारांच्या वस्तीतल्या) मूर्तींना जीभ असते ती रूढी आहे, चूक नव्हे. पण 'श्लोकानुसार' म्हणायचं असेल तर आधी ठरवा. जीभ बाहेर काढली की खालचे दात झाकले जातात आणि हसू हरवतं.

पुरवणी: हातांत सगळ्यात जास्त घोळ होतो. 'सद्यश्छिन्नशिरःखड्गवामाधोर्ध्व' हा समास क्रमाने लावायचा: शिर अधः, खड्ग ऊर्ध्व. म्हणजे डाव्या खालच्या हातात मुंडकं, डाव्या वरच्या हातात खड्ग. उजवीकडे वरच्या हाताची अभयमुद्रा (भिऊ नको), खालच्या हाताची वरदमुद्रा (वर देणारी). डावं-उजवं देवीचं, बघणाऱ्याचं नव्हे. समोर बसून घडवताना नेमकं इथेच उलटं होतं, म्हणून सांगाड्याच्या बांबूवरच 'वाम' लिहून ठेवलेलं बरं. खड्ग पत्र्याचं करून शेवटी अडकवा. मातीचं केलं तर उचललेला हात खांद्यात तडकतो.

आणखी एक: 'शिवाभिर्घोररावाभिः' मधल्या शिवा म्हणजे कोल्ह्या; 'शिवा' हे पार्वतीचंही नाव आहे, म्हणून घोळ होतो. चारी बाजूंना पार्वती बसवू नका.