गाबाने कॅल्शियम कमी होतं, पण नेमकं कसं?

मांडवीवाला:
रत्नागिरीत एमएस्सी झूलॉजी करतोय, सेमिनारला कॅल्शियम इमेजिंग (पेशीतलं कॅल्शियम चमकवून बघणं) घेतलंय. गाबा म्हणजे मेंदूतल्या पेशींना शांत करणारं रसायन. त्याचा गाबा-ए रिसेप्टर (गाबा चिकटतो ते प्रोटीन) म्हणजे क्लोराईडचं चॅनल, मग क्लोराईड आत आल्यावर न्यूरॉनमधले कॅल्शियमचे चमकारे का मंदावतात? त्यात एका ठिकाणी वाचलं की नवजात उंदरात गाबाने कॅल्शियम उलट वाढतं. सर म्हणाले वाचून ये 😅

रात्रपाळी:
मधे व्होल्टेज आहे रे. पेशीत कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर, बाहेर त्याच्या दहाएक हजार पट, म्हणजे दार किलकिलं झालं तरी धडाधड घुसणार, पण व्होल्टेज चढल्याशिवाय ती दारं, म्हणजे कॅल्शियमची चॅनलं, उघडत नाहीत. एनएमडीए रिसेप्टरला (कॅल्शियम आत सोडणारं आणखी एक दार) तर ग्लुटामेट, म्हणजे पेशीला चेतवणारं रसायन, चिकटलं तरी आत मॅग्नेशियम अडकून बसलेलं असतं, ते डिपोलरायझेशन झालं, म्हणजे व्होल्टेज चढलं, तरच सुटतं. गाबा-ए उघडं असलं की आलेला करंट तिथल्या तिथे गळून जातो, टाकीचं बूच काढून नळ सोडल्यासारखं, पातळी चढतच नाही. गाबा कुठे पडतो तेही बघ, गाबा सोडणाऱ्यांपैकी सोमॅटोस्टॅटिनवाल्या पेशी डेंड्राइटवर (न्यूरॉनच्या फांद्यांवर) पकडतात, मग एका फांदीतलं कॅल्शियम दबतं आणि शेजारची फांदी चालू राहू शकते. पार्वाल्ब्युमिनवाल्या बास्केट पेशी सोमालाच (पेशीच्या मुख्य धडाला) धरतात, स्पाइकच, म्हणजे न्यूरॉनचा विजेचा ठोकाच, अडतो.

काजूगर_वेंगुर्ला:
गाबाचा दुसरा रिसेप्टर गाबा-बी राहिला की. तो स्वतः चॅनल नाही, जी-प्रोटीनमार्फत काम करतो, सिनॅप्सच्या (दोन न्यूरॉनच्या जोडाच्या) टोकाला कॅल्शियम चॅनललाच थेट आवरतो.
आणि उलटं बघायचं तर एंडोसल्फान हे कीटकनाशक. ते गाबा-एचं क्लोराईड चॅनल बुजवतं, म्हणून विषबाधेत आकडी येते. केरळात कासारगोडला काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरने मारायचे, शेवटी २०११ला सुप्रीम कोर्टाने बंदी घातली. आमच्याकडे फवारणीचा विषय निघाला की अजून लोक त्याचं नाव काढतात. लॅबमध्ये बायक्युक्युलिन हे औषध टाकून गाबा-ए रिसेप्टर अडवतात, सगळ्या पेशी एकदम चमकायला लागतात.

मांडवीवाला:
भारीच. आणि पिल्लांचं?

रात्रपाळी:
पिल्लात एनकेसीसी१ हे पेशीच्या पडद्यातलं पंपासारखं प्रोटीन क्लोराईड आत भरून ठेवतं, बाहेर काढणारं केसीसी२ हे प्रोटीन अजून पुरेसं आलेलं नसतं. म्हणून गाबा-ए उघडलं की क्लोराईड बाहेर पळतं, पेशी डिपोलराइझ होते, कॅल्शियम आत. उंदरात दुसऱ्या आठवड्याच्या आसपास हे फिरतं.
सेमिनारला एक विचारतीलच, जीकॅम्पला (कॅल्शियम वाढलं की चमकणारं, इमेजिंगला वापरतात ते प्रोटीन) इनहिबिशन, म्हणजे गाबाने पेशी दाबणं, दिसतं का? त्याला फक्त कॅल्शियम दिसतं. जी पेशी आधीच गप्प आहे तिच्यावर कितीही गाबा पडला तरी व्हिडिओत ती काळीच, तिथे इलेक्ट्रोड लावावा लागतो.