मदत हवी आहे: बेसॉल्टमधल्या विहिरीची उपसा चाचणी कशी वाचू?

नमस्कार मंडळी. गावच्या पाणी-ताळेबंदासाठी 6 मीटर व्यासाच्या विहिरीवर उपसा चाचणी घेतली, म्हणजे पंपाने पाणी उपसत पातळी कशी उतरते ते मोजलं. वर मुरूम, मग मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा, पाणी देणारा बेसॉल्ट), खाली काळा पाषाण (घट्ट बेसॉल्ट). मिनिटाला 400 लिटर उपसा, एकूण 5 तास.

पहिल्या तासात पातळी 80 सेंमी उतरली. हिशेब केला तर नुसत्या विहिरीतल्या साठ्यानेच 85 सेंमी उतरली असती, म्हणजे झऱ्यांचं पाणी जवळजवळ नाहीच! पुढे वेग तासाला 60 सेंमीवर आला. पण मांजऱ्याचा तळ उघडा पडताच पुन्हा 75 झाला.

1946 ची कूपर-जेकब सरळ रेषा (वेळेच्या लॉगसमोर पातळीची उतार मांडून पारगम्यता, म्हणजे थरातून पाणी किती सहज वाहतं ते, काढायची पद्धत) इथे लावणं मला चुकीचंच वाटतं, तिच्यात विहिरीचा साठा धरलेलाच नाही. पापाडोपुलोस-कूपर वक्रांत (मोठ्या व्यासाच्या विहिरींसाठीचे तयार आलेख) तो आहे, पण तिथे थराची जाडी कायम मानलेली, आणि आमचा पाणी देणारा थर तर मधेच कोरडा पडला.

मग पारगम्यता फक्त भरणीच्या (पंप बंद केल्यावर पातळी परत चढतानाच्या) नोंदींवरून काढू का? काढली तर पातळी मांजऱ्याच्या वर आल्यानंतरचाच भाग घ्यावा का? 40 मीटरवरच्या बोअरची पातळी तीन तासांनी हलली, त्या नोंदीही आहेत. या आकड्यावर रब्बीचं पाणी ठरणार आहे, त्यामुळे कठीण खडकात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सांगा.