‘विधवा’ हा शब्द तोंडावर कसा विचारायचा?

मुग्धा_स: आरोग्य शिबिरासाठी घरोघरी विचारायची प्रश्नावली इंग्रजीतून मराठीत करते आहे. वैवाहिक स्थितीच्या रकान्यात सरळ ‘विधवा’ लिहिलं. सरावाच्या वेळी एक कार्यकर्ती अडून बसली, “ताई, उंबऱ्यात उभं राहून बाईला असं विचारणार नाही मी.” ‘एकल महिला’ चालेल का?

रानवारा: नको. कोविडनंतर शब्द रुळला खरा, पण त्यात परित्यक्ता, घटस्फोटित, अविवाहित सगळ्याच येतात. पुढे निराधार योजनेसाठी नोंद लागली तर घोळ होईल.

संस्कृतप्रेमी: वि + धव. धव म्हणजे पती. शब्दात अपमान कुठे आहे?

भाषावेल्हाळ: ही फोड प्राचीन निरुक्तकार यास्काइतकी जुनी आहे, पण आजचे भाषाशास्त्रज्ञ ती मानत नाहीत. लॅटिन ‘विदुआ’, इंग्रजी ‘विडो’ याच कुळातले. ‘धव’च ‘विधवा’ फोडून मागाहून निघाला असावा.

संस्कृतप्रेमी: अमरकोशात ‘धवः प्रियः पतिर्भर्ता’ आहे. तो खोटा का?

आबा_शिरोळ: धव राहू द्या. आमच्या तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र-जोडवी काढणं बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनानं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. ‘विधवा प्रथा’ असं नाव घेऊनच ती बंद करता आली ना? शब्द झाकला की प्रथाही झाकली जाते.

शुभदाकाकू: माझ्या आजीला पत्रिकेत विधवेच्या नावामागे लावतात ते ‘गं. भा.’, म्हणजे गंगा भागीरथी, हवंच असायचं, तो तिला मान वाटे.

रानवारा: काकू, माझ्या आईनं भावाच्या पत्रिकेतून तेच खोडायला लावलं. म्हणाली, बाबांच्या नावामागे असं काही लागलं असतं का? एप्रिल २०२३ मध्ये महिला व बालविकास मंत्र्यांनी ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ सुचवलं, तेव्हा बायका उगाच चिडल्या नाहीत.

शुभदाकाकू: आईचं बरोबर असेल. पण आजीचा मान तिच्याकडून आपण का काढून घ्यायचा?

मुग्धा_स: माझी प्रश्नावली परवा छापायला जाते आहे हो.

आशा_गटप्रवर्तक: मुग्धाताई, छापा काहीही, विचारू नका. आम्ही “घरी कोण कोण असतं?” एवढंच विचारतो. बाई आपणहून सांगते, “हे गेले, पोरगं तेव्हा रांगत होतं.” मग लगेच पुढच्या प्रश्नावर उडी मारायची नाही. पोराचं नाव विचारायचं, ती बोलेल तेवढं ऐकायचं. खूण नंतर करायची, तिच्यासमोर नाही. कार्यकर्त्यांना हे शिकवा. आमच्याकडे कुणी थेट विचारलंच तर “मालक असतात का?” म्हणतात.

रानवारा: ‘मालक’ मात्र नको! बायको काय मालमत्ता आहे?

आबा_शिरोळ: आमच्याकडे बायका प्रेमानं म्हणतात ते. मग काय म्हणायचं, ‘यजमान’?

संस्कृतप्रेमी: यजमान म्हणजे यज्ञ करणारा. त्याचा नवरा कधी झाला, कुणाला माहीत आहे का?