कप्प्यातले जुने फोन म्हणजे गुन्हा आहे का?

जुनंखोड
"बंद पडलेली उपकरणं घरात साठवणारे पर्यावरणाचे शत्रू आहेत. आजच सगळं रिसायकलिंगला द्या आणि मोकळे व्हा." परवा ही पोस्ट वाचली आणि खालची वाहवाही वाचली. तेव्हापासून डोकं तापलंय.

मोकळे व्हा म्हणजे काय? जुनं दिलं की नवं घ्यायला मन मोकळं, एवढंच ना? फोनच्या एकूण कार्बन उत्सर्जनातला सर्वांत मोठा वाटा तो तयार होतानाच झालेला असतो. रिसायकलिंगमधून तांबं मिळेल, सोनं मिळेल. चिप घडवायला लागलेली वीज आणि पाणी कोण परत देणार?

माझा लॅपटॉप दोन वर्षं कपाटात पडून होता. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत अपडेट थांबले, तेव्हा तर जो तो म्हणाला, आता टाक. मी आतली हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क बसवली, विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकली. आज मुलगी त्यावर अभ्यास करते. 'मोकळा' झालो असतो तर त्याचा आतापर्यंत चुरा झाला असता.

रेवा_
लॅपटॉपचं कौतुक आहे. पण दर दहा जणांत एक तरी खरंच एसएसडी बसवतो का? बाकीचे "कधीतरी दुरुस्त करू" म्हणत कप्पा भरतात. मीही त्यातलीच होते.

गेल्या वर्षी कपाट आवरताना जुना फोन हाती लागला. मागची काच एका बाजूने उचललेली, फटीत नख जाईल एवढी. नाक जवळ नेलं तर गोडसर, रसायनासारखा वास. बॅटरी फुगली होती. शेजारी मुलांचे कपडे होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. लिथियमची बॅटरी बंद फोनमध्येसुद्धा म्हातारी होते आणि आत वायू धरतो. त्यामुळे "कपाटात पडू दे, कुणाचं काय जातं" हे मला सांगू नका.

जुनंखोड
बॅटरी काढून ठेवायची ना मग! पूर्वी पाठ सरकवली की बॅटरी हातात यायची. आता ती गोंदाने चिकटवतात. राग त्यांच्यावर काढा, माझ्या कप्प्यावर नको.

पाना_पक्कड
गोंदाचा विषय निघालाच आहे तर ऐका. मी अकरा वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर बसतोय. हीट गनने काच सैल करा, पातळ पत्ती सरकवा, बॅटरीखालची चिकट पट्टी ओढा. ती पट्टी मध्येच तुटते आणि मग बॅटरी उचकटताना जीव मुठीत. ती वाकली किंवा टोचली गेली तर पेट घेते. एवढ्या खटाटोपानंतर गिऱ्हाईक म्हणतं, नवाच घेतो.

नितळ
पण गोंद नसेल तर फोनमध्ये पाणी शिरेल. लोकांनाच पाण्यात टिकणारा फोन हवा असतो.

पाना_पक्कड
हे कंपन्यांनी शिकवलेलं वाक्य आहे. २०१४ च्या गॅलेक्सी एस५ ची पाठ नखाने निघायची, बॅटरी हातात यायची, आणि तो आयपी६७ होता, म्हणजे धूळ आणि पाणी आत न शिरण्याचं मानक पाळणारा. बारा वर्षांपूर्वी जमलेली गोष्ट आज जमत नाही म्हणता?

नितळ
त्याचं झाकण नीट दाबलं नाही तर पाणी शिरायचंच. माझ्या भावाचा तसाच गेला. तुम्ही टेबलामागे बसून कंपन्यांना शिव्या देता, फोन पाण्याने बिघडल्यावर सगळे फोटो गेलेला माणूस मी घरात पाहिलाय.

पाना_पक्कड
शिवी एकही दिलेली नाही, वर जाऊन वाचा. एका भावाच्या फोनवरून सगळ्या जगाच्या फोनना गोंद लावायचा, हे मला पटत नाही. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून बहुतेक लहान उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला काढता यायला हवी. जमणारच नसतं तर कायदा झाला असता का?

नितळ
त्या नियमात सवलतीही आहेत. पण ठीक आहे, पाठ उघडता यावी हे मान्य. झाकण नीट बसवायची जबाबदारी मात्र आपली.

मधली_फळी
तुम्ही सगळे फोनमध्येच अडकलात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला, आणि रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची. जवळपास तिसरा हिस्सा लहान उपकरणांचा: खेळणी, दाढीची यंत्रं, ट्रिमर, छोटे पंखे. त्यांच्यात बॅटरी आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. ती ओल्या कचऱ्यात जातात, कचऱ्याच्या गाडीत दाबली जातात आणि पेटतात. शिवाय केबल कुठे जातात? भंगारात गेल्या की उघड्यावर जाळून तांबं काढतात. त्या धुरात डायॉक्सिनसारखं विषारी रसायन असतं आणि तो धूर जाळणाऱ्याच्या छातीत जातो. धाग्यात त्या माणसाबद्दल एक ओळ नाही, याचं मला वाईट वाटतं.

जुनंखोड
हे मी धरलं नव्हतं. केबलची एक पिशवीच भरलेली आहे माझ्याकडे, ती भंगारात देणार होतो. नाही देत.

पण पहिलं वाक्य मागे घेत नाही. दुरुस्त होणारी वस्तू रिसायकलिंगला देणं हा शेवटचा मार्ग, पहिला नव्हे.

रेवा_
तेवढं मान्य, पण मुदत ठरवा. सहा महिन्यांत हात लागला नाही तर दुसऱ्याला द्या किंवा अधिकृत संकलन केंद्रात न्या. चालू फोन ठेवायचाच असेल तर अर्धा चार्ज करून, थंड कोरड्या जागी. बॅटरी सुटी असेल तर टोकांवर चिकटपट्टी लावा. फुगलेली दिसली तर दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका.

जुनंखोड
आत्ता कप्पा उघडला. तीन फोन. दोन सपाट आहेत. तिसरा टेबलावर ठेवला तर भोवऱ्यासारखा फिरतोय.

रेवा_
म्हणजे पाठ फुगली. आत्ताच उचला, कपडे-कागदांपासून लांब फरशीवर ठेवा. झाकणाच्या धातूच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेवा, झाकण घट्ट लावू नका, आणि उद्या केंद्राला फोन करा. आधी विचारा, फुगलेल्या बॅटऱ्या सगळे घेत नाहीत.

जुनंखोड
ठेवला. त्यात मुलीचे लहानपणचे फोटो आहेत, ते काढायला एकदा चालू करू का?

पाना_पक्कड
करू नका. आधी एखाद्या दुरुस्तीवाल्याकडून बॅटरी काढून घ्या. फोटो बहुतेक शाबूत असतील.