जुन्या एस्टीमच्या बॉनेटवरचे डाग पॉलिशनंतर परत वर येतात

सोलापूरकर_एस्टीम

नमस्कार मंडळी. बाबांची २००५ ची एस्टीम आहे, गडद निळी मेटॅलिक. २०२५ मध्ये पाच वर्षांसाठी पुन्हा पासिंग करून घेतलं, म्हणजे गाडी विकायची नाही हे घरात पक्कं आहे. इंजिन ठणठणीत, एसी गार. रडगाणं आहे ते फक्त रंगाचं.

बॉनेटभर पाण्याच्या थेंबांची पांढुरकी कडी उमटली आहेत. सोसायटीत बोअरचं पाणी, आणि बाबा गाडी धुऊन तशीच उन्हात सोडतात. डाव्या बाजूला पाखरांच्या शिटेचे दोन मोठे डाग, तिथे बोट फिरवलं की किंचित खड्डा लागतो. टपावर मागच्या काचेजवळ पंजाएवढा भाग पांढरा पडलाय. वॉशिंग सेंटरवाल्याने मशीन मारून वॅक्स केलं. गाडी चकचकीत दिसली, पण दोनदा धुतल्यावर सगळे डाग जागेवर हजर! आता तो म्हणतो, "साहेब, अजून एक हात मारू." मारू द्यावा का? शेजारचे काका टूथपेस्ट सुचवतात. मेव्हणा म्हणतो, संडासचं ॲसिड पाण्यात मिसळून पूस.

चिंचवडचा_पेंटर

मेव्हण्याला गाडीपासून लांब ठेवा. त्या ॲसिडने क्षार जातील, सोबत क्रोमही जाईल आणि जिथे रंग उडालाय तिथे पत्रा गंजेल. टूथपेस्टने हेडलाइटची काच थोडी उजळते, रंगावर तिचा उपयोग नाही.

माझी सगळी नोकरी वर्कशॉपच्या पेंट बूथमध्येच झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमची ही तीन प्रकरणं वेगवेगळी आहेत आणि वॉशिंगवाल्याने तिन्हींवर एकच औषध मारलं. डाग परत का आले? पॉलिशमध्ये तेल आणि भरणी असते. ती खड्ड्यात बसते, उजेड सरळ परततो आणि डाग गेल्यासारखा वाटतो. शाम्पूने भरणी निघाली की डाग तिथेच. पुढच्या वेळी मशीन फिरल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये निम्मं पाणी घालून कापडाने पुसा आणि उन्हात तिरकं बघा. त्यानंतरही डाग दिसला नाही तरच तो गेला असं समजायचं.

आधी कडी. ती बोअरच्या पाण्यातल्या क्षारांची. गाडी सावलीत, पत्रा गार. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, कापड भिजवून डागावर दोन-तीन मिनिटं ठेवा. वाळू द्यायचं नाही. मग भरपूर पाण्याने धुवा. नुसता क्षार वर बसला असेल तर इथेच संपतं. कडं फिकट झालं पण गेलं नाही, तर क्षाराने लॅकर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, खाल्लाय आणि तिथून पुढे कंपाउंडचं, म्हणजे थर घासून काढणाऱ्या पेस्टचं काम.

शिटेचे डाग जास्त चिवट. उन्हात लॅकर तापून मऊ होतो आणि रात्री गार होताना वाळलेल्या शिटेभोवती आवळून बसतो, त्यात शिटेचं आम्ल. तो खड्डा पुसून जाणार नाही, आजूबाजूचा लॅकर त्याच्या पातळीला खाली आणावा लागतो. आणि लॅकर असतो किती? कंपनीचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन, त्यात लॅकर ३५ ते ५०. डोक्याचा केस ७० च्या आसपास. वीस वर्षांत त्यातला किती उरलाय हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून जाडी मोजायचं गेज असलेल्या माणसाकडे जा. बॉनेटवर २०० च्या वर आकडा आला तर बहुधा ते पुन्हा रंगवलेलं आहे, आणि ५०० च्या पुढे गेला तर खाली बहुधा लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

गेजने हिरवा कंदील दिला तरच वॉटर पेपर, म्हणजे पाण्यासोबत घासायचा बारीक पॉलिश पेपर. २००० चा, तासभर पाण्यात भिजवलेला, रबरी ठोकळ्यावर गुंडाळून, फक्त डागापुरता. मग ३०००, मग लोकरी पॅडने कंपाउंड, शेवटी फोम पॅडने बारीक पॉलिश. बॉनेटच्या कडा आणि मधली घडी यांवर आधी मास्किंग टेप लावा, तिथे लॅकर सगळ्यात पातळ असतो. खड्डा सत्तर टक्के गेला की हात थांबवा. शंभर टक्क्यांच्या हट्टापायी लॅकर फाटलेली बॉनेटं मी ढिगाने रंगवली आहेत, माझं पोट त्यावरच चाललं म्हणा ना.

वॉशिंगवाल्याचं मशीन एकदा बघून घ्या. बरेच जण अँगल ग्राइंडरलाच स्पंज लावतात. तो मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फिरतो. रंगाला हजार-दीड हजार पुरे.

डोंबिवली_फास्ट

थोडं विषयांतर. माझी पांढरी गाडी रुळांच्या भिंतीलगत उभी असते. तिच्यावर बारीक नारिंगी ठिपके होते, कंपाउंडने हलत नव्हते. ती ब्रेकची आणि रुळांची लोखंडी धूळ निघाली. आयर्न रिमूव्हर (लोखंडी कण विरघळवणारं द्रावण) मारला की ठिपके जांभळे होऊन ओघळतात, उरलेले क्ले बारने, म्हणजे रंगावर फिरवायच्या मऊ मातीसारख्या वडीने निघतात. कुणाकडे असे ठिपके असतील तर मशीनच्या आधी हे करा, नाहीतर तेच कण पॅडखाली घासले जातात.

सोलापूरकर_एस्टीम

पेंटर काका, मनापासून आभार. व्हिनेगरने बरीच कडी गेली, थोडी फिकट उरली. गेजवाला सापडला. बॉनेट ११० च्या आसपास, म्हणजे मूळ रंग. शिटेच्या डागांना सध्या हात लावत नाही, बाबाच म्हणाले राहू दे. टपाचं मात्र राहिलं. तो पांढरा भाग ओला केला की जवळजवळ दिसत नाही, वाळला की परत येतो. कडेला नख अडकतं आणि पापुद्रा सुटतो. कंपाउंड मारून बघू? की स्प्रेचा डबा आणून तेवढ्यावरच लॅकर मारू?

चिंचवडचा_पेंटर

दोन्ही नको. पापुद्रा सुटतोय म्हणजे तिथला लॅकर मेला. कंपाउंड लावलंत तर कापडावर निळा रंग येईल, कारण खाली उघडा बेस कोट, म्हणजे लॅकरखालचा रंगाचा थर आहे. डब्यातला लॅकर पापुद्र्याच्या कडेवर बसेल, कड दिसतच राहील आणि पुढच्या उन्हाळ्यात शेजारचा सुटेल.

टप पूर्ण रंगवून घ्या. सुटा लॅकर सगळा खरवडून, घासून, बेस कोट आणि वर हार्डनर घातलेला टू-के लॅकर. हे घरी करू नका, हार्डनरच्या वाफा छातीला घातक असतात आणि साधा कापडी मास्क त्या अडवत नाही. कलर कोड दिलात तरी इतक्या वर्षांच्या उन्हाने मूळ छटा बदललेली असते, म्हणून पेंटरला टपाजवळच्या खांबाचा एक तुकडा पॉलिश करून द्या आणि छटा त्याच्याशी जुळवायला सांगा. मेटॅलिकमध्ये हे नाही केलं तर टप वेगळ्या गाडीचा वाटतो.

आणि मागच्या काचेचं बीडिंग, म्हणजे काचेभोवतीची रबरी पट्टी, काढूनच रंगवायला सांगा. वेळ वाचवायला त्यावर नुसती टेप लावतात, मग लॅकर त्याच कडेपासून पुन्हा सुटायला लागतो. काढताना जुनं रबर तुटणार, तेव्हा नवीन बीडिंग आधी मिळवा, मगच गाडी सोडा.