आंदोलनाची जागा पोलिसांनी ठरवावी का?

अंगणवाडीताई: मी अंगणवाडी सेविका. मानधनवाढीसाठी आझाद मैदानावर दोनदा बसून आले. दुसऱ्या खेपेला निघायच्या आदल्या संध्याकाळी, भाकरी थापत होते, तेव्हा हवालदार दारात नोटीस घेऊन उभे. ‘मोर्चात सामील झाल्यास कारवाई करण्यात येईल.’ पूर्वी याला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ची नोटीस म्हणायचे, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती १६८ झाली. शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९नं दिलाय, मग मी गुन्हा करणार हे आधीच कसं ठरलं? आणि मुंबईत आंदोलनासाठी नेमून दिलेलं हे मैदान म्हणजे चारी बाजूंनी कुंपण. घोषणा दिल्या तरी ऐकतं कोण? ज्यांच्याकडे मागणी आहे ते तर मंत्रालयात.

रात्रपाळी: ताई, नोटिशीबद्दल तुमच्या बाजूने आहे. मैदानाबद्दल नाही. मी परिचारिका आहे. ऑगस्ट २०२५मध्ये मराठा आंदोलन आलं तेव्हा परवानगी पाच हजार लोकांची, एका दिवसाची, संध्याकाळी सहापर्यंत होती. प्रत्यक्षात सीएसएमटीपासून रस्ते पाच दिवस भरलेले. स्टेशनवरून वॉर्डात जायला मला एरवी पंधरा मिनिटं लागतात, त्या सोमवारी दीड तास लागला. रात्रभर जागलेली सहकारी माझी वाट बघत ताटकळली. तिचा यात काय दोष? शेवटी उच्च न्यायालयाला रस्ते मोकळे करायला सांगावं लागलं.

अंगणवाडीताई: तुमचा त्रास खोटा नाही. पण बाया तिथे दिवसभर पाणी न पिता बसतात, माहीत आहे? शौचालयाची सोय पुरत नाही म्हणून. जागा नेमून द्यायची तर ती माणसाला बसण्याजोगी तरी द्या.

कोर्टकचेरी: वकिली करतो म्हणून थोडं. हिंमतलाल शहा खटल्यात (१९७२) सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की सार्वजनिक रस्त्यावरच्या सभेचं नियमन करता येईल, पण पोलिसांना मनमानी नकाराचा अधिकार देता येणार नाही. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध दिल्लीत झालेल्या शाहीनबाग धरण्याच्या निकालात (ऑक्टोबर २०२०) रस्ता बेमुदत अडवता येणार नाही, निदर्शनं नेमलेल्या जागीच व्हावीत, असं म्हटलं. मला हा दुसरा निकाल अपुरा वाटतो. जागा कुठे आणि कोणी ठरवायची, हे त्यात नीट सांगितलेलंच नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत औरंगाबाद खंडपीठानं मात्र बीड जिल्ह्यातला जमावबंदीचा आदेश रद्द केला आणि एखाद्या कायद्याला शांततेनं विरोध करणाऱ्याला देशद्रोही म्हणता येणार नाही, असं स्पष्ट लिहिलं.

रात्रपाळी: निकाल ठीक आहेत. माझ्या डोळ्यासमोर २०१८चा किसान मोर्चा येतो. नाशिकहून पायी आलेली माणसं, तळपायांची सालटं निघालेली. सकाळी दहावीचा पेपर म्हणून सायनच्या सोमय्या मैदानावरून रात्रीच उठून चालत आझाद मैदानात पोचली. आम्ही मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन धावलो होतो. तसं या, मी स्वतः मलमपट्टीला बसेन.

अंगणवाडीताई: आधी पाय सोलून निघाले तरच आमचं ऐकणार का? हे मला नाही पटत.

कोर्टकचेरी: ताई, पुढच्या वेळी परवानगीच्या अर्जाची पोच घ्या. नकार दिला तर कारणासह लेखी मागा. तोंडी ‘नाही’ घेऊन कोर्टात काहीच दाखवता येत नाही.

अंगणवाडीताई: पोच कधी मागितलीच नव्हती. सोमवारी अर्ज द्यायला जातेय, तिघीजणी सोबत आहेत.