मांजराला घरात गुंतवून ठेवायला काय द्यावं? (बजेट ५० रुपये, ऑनलाईन नको)

तरोडानाका
नमस्कार. आमच्याकडे बुंदी नावाची मांजर आहे, अजून वर्षाची व्हायची आहे. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खाली गल्लीत कुत्री, म्हणून बाहेर सोडत नाही. दिवसभर कुलरसमोर पसरलेली असते आणि रात्री तीनला तिच्या अंगात येतं. कुलरचं गवत ओढून ओढून एक बाजू भकास करून टाकलीय. सासूबाई लक्षवातीसाठी वाती वळतात, मोजून जुड्या बांधून ताटात ठेवतात. परवा बुंदीने त्यातली एक जुडी सोडवून पलंगाखाली नेली. आता मोजणी पहिल्यापासून. घरात मांजर राहील नाहीतर मी, असं चाललंय. खेळण्यांवर फार खर्च नको, पन्नासेक रुपये धरा. ऑनलाईन मागवायचं नाही. घरातलंच काही असेल तर सांगा.

वाळूज_नाईटशिफ्ट
मी चार्जिंगचा बॉल घेतला, आपोआप फिरतो, लाईट लागते. साडेबाराशेला पडला, सेलमध्ये. एकदा पैसे घाला, कटकट संपली.

तरोडानाका
दादा, बजेट पन्नास लिहिलंय. आणि तुमचं मांजर खेळतं का त्याच्याशी?

वाळूज_नाईटशिफ्ट
बॉलला भिते. पण ज्या खोक्यात आला ना, त्यात बसते दिवसभर. क्वालिटी चांगली आहे, मी काय म्हणतोय ते समजून घ्या.

हुरडा_आणि_ताक
म्हणजे साडेबाराशेचा खोका घेतला 😀
ताई, खोकाच द्या. किराणा दुकानात बिस्किटाचे, तेलाच्या पुड्यांचे खोके असतात, फुकट देतात नाहीतर पाच-दहा रुपयांत. स्टेपलच्या पिना आणि चिकटपट्टी आधी काढा. दोन बाजूंना वेगवेगळ्या उंचीवर भोकं पाडा, पंजा जाईल एवढी, एक मोठं डोकं जाईल एवढं. आत कागदाचा बोळा टाका. आमचा बोका तास-तास त्यातून बोळा उकरतो. आठ दिवसांनी खोका बदला, किंवा त्याचीच जागा बदला. एकाच जागी राहिला की त्यांच्यासाठी ते फर्निचर होतं.

गंगाकाठचा_आबा
मांजराला खेळणी? आमच्या लहानपणी घरात बळद होतं, ज्वारी भरलेलं. मांजर रात्रभर उंदरामागं. कुणी खोका दिला नाही का मोजा दिला नाही. तुम्ही मांजर दुसऱ्या मजल्यावर कोंडलं आणि आता म्हणता रात्री पळू लालीय. पळंल नाहीतर काय करंल?

तरोडानाका
आबा, फ्लॅटमध्ये बळद कुठून आणू?

गंगाकाठचा_आबा
मी कुठं आणा म्हणलो. मी फक्त सांगू लालो.

शिलाईमशीन
वात, दोरा, लोकर, सुतळी, दुधाच्या पिशवीचं रबर, यातलं काहीही मांजराच्या तोंडी राहू देऊ नका. कॅलेंडरवर लोकरीच्या गुंडीशी खेळणारं मांजर छान दिसतं, पण तेवढंच. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात, एकदा दोरा आत गेला की तिला तो थुंकता येत नाही, गिळतच जाते. एक टोक जिभेखाली नाहीतर पोटात अडकतं आणि उरलेला दोरा पुढे सरकत राहतो, मग आतडी नाडी ओढलेल्या पायजम्यासारखी गोळा होतात, कधी कधी चिरली जातात. आमच्या राणीने मशीनखालचा दोरा गिळला होता. दोन दिवस उलट्या, खाणं बंद, कोपऱ्यात बसून. ऑपरेशन करावं लागलं. दोरा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, कापायचाही नाही, तसंच डॉक्टरकडे न्यायचं. तुमची बुंदी वात नुसती पळवते की चघळते, ते आधी बघा.

तरोडानाका
चघळत नाही असं वाटतंय, पण आता वाती डब्यात गेल्या. झाकणाच्या.

कुलरवाला_लातूर
कुलरचं गवत पण काढा तिच्या आवाक्यातून. ते गवत नसतं, लाकडाचा किस असतो. तुसं टोचतात, गिळलं तर वेगळाच ताप. मागच्या बाजूला लोखंडी जाळी बसवून मिळते. नाहीतर हनीकोंब पॅड लावा, त्याला ओढायला धागाच नसतो.

हुरडा_आणि_ताक
हनीकोंब महाग पडतं आणि आपल्याकडच्या खारट पाण्याने दोन सीझनमध्ये दगड होतो त्याचा.

कुलरवाला_लातूर
पाणी बदलत राहिलं तर नाही होत. टाकीतलं तेच पाणी महिनाभर फिरवता आणि पॅडला नावं ठेवता.

हुरडा_आणि_ताक
बोअरचंच पाणी खारट, बदलून काय गोड होणार आहे का?

पुण्यात_सध्या
मांजरांना वाहतं पाणी आवडतं. बेसिनचा नळ अगदी बारीक धारेवर सोडून ठेवा. माझी अर्धा तास धारेला पंजा लावत बसते. खर्च शून्य.

कुलरवाला_लातूर
खर्च शून्य?? २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं गाव आहे आमचं. आणि तुम्ही मांजरासाठी नळ चालू ठेवा म्हणता. कमाल आहे.

पुण्यात_सध्या
मी अंबाजोगाईचाच आहे भाऊ, मला नका सांगू.

कुलरवाला_लातूर
मग तर जास्तच लाज वाटायला पाहिजे.

मोंढा_रोड
भांडू नका. परातीत बोटभर पाणी घ्या, त्यात बाटलीचं मोठं झाकण किंवा पिंगपाँगचा चेंडू सोडा. तरंगतं ते धरायला बघते. उन्हाळ्यात वर बर्फाचा खडा टाका, तो सटकतो म्हणून जास्त मजा. पाणी नंतर तुळशीला. परात मात्र ओट्याखालची जुनी घ्या, कणकेची घेतली तर सासूबाई तुम्हालाच परातीत बसवतील.

पाटोदेकर
मोरपीस. फरशीवरून हळूहळू सरकवायचं, मग सोफ्याच्या मागे अर्धं लपवायचं. वेडी होते. आमच्याकडं रानात पडलेली सापडतात.

नियमावर_बोट
मोर राष्ट्रीय पक्षी आहे. पिसं बाळगणं गुन्हा आहे. उगाच लोकांना अडचणीत आणू नका.

पाटोदेकर
आपोआप गळलेलं पीस ठेवायला बंदी नाही. मोर मारला, त्याची पिसं उपटली तर गुन्हा, १९७२ चा कायदा वाचा. आमच्या तालुक्यात नायगावला मोरांचं अभयारण्य आहे, तिथून काही उचलायचं नसतं हे आम्हाला पण कळतं. मी शेतातल्या पिसाचं बोलतोय.

नियमावर_बोट
शेतातलं की अभयारण्यातलं हे पिसावर लिहिलेलं असतं का?

पाटोदेकर
तुमच्याकडं मांजर आहे का?

नियमावर_बोट
नाही. धागा सार्वजनिक आहे.

सायन्सवाली_मावशी
विषयावर येते. तुमचं खरं दुखणं रात्रीचं तीन आहे, खेळणं कुठलं हा पुढचा प्रश्न. मांजराची शिकारीची वेळ पहाट आणि संध्याकाळ. दिवसभर झोपून साठवलेली ताकद मग अंधारात निघते. तुम्ही झोपायच्या आधी दहा मिनिटं तिला पळवा, खेळणं हातात धरून. जुन्या मोज्यात चिंध्या भरा, तोंड पक्कं शिवा, दोरीऐवजी रुंद नाडापट्टी लावून तुराटीला बांधा. तोंडासमोर नाचवायचं नाही. उंदीर स्वतःहून मांजराच्या तोंडाशी येतो का? तिच्यापासून लांब पळवायचं, दाराआड थांबवायचं, मग एकदम हलवायचं. ती आधी दबा धरून बसेल, मागचा भाग हलवेल, त्या वेळी घाई करू नका. मधे मधे तिला पकडू द्या. शेवटी पकडू देऊन लगेच रात्रीचं जेवण वाढायचं. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप, हा त्यांचा क्रम आहे. झालं की तुराटी कपाटात. समोर पडून राहिलं तर पट्टी चावेल आणि दुसऱ्या दिवशी त्यात रसही राहणार नाही.
आणि हाताने खेळवू नका. लहानपणी गोड वाटतं, मग हात म्हणजे शिकार असं डोक्यात बसतं. चावली किंवा ओरखडलं तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीचं सरकारी दवाखान्यात विचारून घ्या.

बंडूचे_बाबा
एवढं कोण करतं. लेझर घ्या, शाळेजवळच्या दुकानात तीस रुपयाला मिळतो, कीचेनवाला. मी खाटेवर पडून फिरवतो, बंडू सगळ्या भिंती चढतो. बजेटमध्ये बसतं, बघा.

सायन्सवाली_मावशी
लेझरमध्ये हाताला काहीच लागत नाही. काही मांजरं मग नुसती सावली आणि उजेड शोधत हिंडतात. वापरायचाच तर डोळ्यांवर अजिबात नको, आणि शेवटी ठिपका एखाद्या खऱ्या वस्तूवर नाहीतर खाऊवर आणून थांबवायचा.

बंडूचे_बाबा
बंडू आता सेल संपला तरी भिंतीकडं बघत बसतो हे खरंय. पण आनंदी आहे.

साई_दूध_डेअरी
रात्री वाटीभर दूध द्या. पोट भरलं की झोपतंय. कशाला खेळणी-बिळणी.

शिलाईमशीन
मोठ्या मांजरांना दूध पचत नाही बऱ्याचदा, जुलाब होतात. तीनला पळायच्या ऐवजी तीनला फरशी पुसत बसाल.

साई_दूध_डेअरी
आमच्या गोठ्यातली पिढ्यान् पिढ्या धारेखाली तोंड धरूलालीत. त्यांना झाले नाहीत जुलाब.

गंगाकाठचा_आबा
बरोबर आहे. शहरातल्या दुधातच काही राहिलं नाही.

साई_दूध_डेअरी
आबा, आमचं दूध चांगलं आहे. फॅट बघून घ्या.

अंड्याचा_ट्रे
अंडीवाल्याकडून पुठ्ठ्याचा ट्रे मागा. खळग्यांमध्ये रोजच्या खाण्यातले दाणे टाका, काहींवर कागदाचे बोळे ठेवा. पंजाने उकरून काढावं लागतं, पाच मिनिटांचं जेवण वीस मिनिटं चालतं. जास्तीचं खाणं नाही, आहे तेच. सुक्या बोंबलाचा तुकडा एखाद्या खळग्यात लपवला तर विचारूच नका (मीठ फार असतं, नखाएवढाच, आणि धुऊन). प्लास्टिकच्या बाटलीला भोकं पाडून आत दाणे भरले तर ढकलत फिरते, पण रात्री फरशीवर त्याचा आवाज असा येतो की खालचे भाडेकरू वर येतात. बाटलीच्या गळ्याची ती बारीक कडी काढून फेकून द्या, गिळतात.

रानभाजी_रसिक
परदेशात कॅटनिप देतात तसं आपल्याकडं खोकली आहे. पावसाळ्यात भिंतीकडेला, उकिरड्यावर आपोआप उगवते. तिचं मूळ उपटून ठेवलं की बरीच मांजरं त्यावर लोळतात, गाल घासतात, लाळ गाळतात. सगळीच नाहीत, आमच्या दोघींपैकी एकीला काहीच वाटत नाही. नीट ओळखता येत असेल तरच आणा, दिसलं ते तण देऊ नका.

तरोडानाका
आता एप्रिल चालू आहे. उकिरड्यावर सुद्धा काही हिरवं नाही.

रानभाजी_रसिक
मग जूनमध्ये.

नवीन_सभासद_७
वर कुणी सांगितलं का माहीत नाही, सगळं वाचलं नाही. पण खोका द्या. मांजरांना खोका फार आवडतो.

वाळूज_नाईटशिफ्ट
मी पहिल्यांदा सांगितलं होतं.

मोंढा_रोड
पिंगपाँगचा चेंडू कोरड्या घमेल्यातपण टाकून बघा. गोल गोल फिरतो, बाहेर पडत नाही, कपाटाखाली जात नाही. दहा-पंधरा रुपये. फक्त लोखंडी घमेलं नको, प्लास्टिकचं घ्या, का ते रात्री कळेल.

जालन्याची_ज्योती
मोबाईलवर यूट्यूबला मांजरांसाठी मासे-पक्ष्यांचे व्हिडिओ असतात, ते लावा. आमच्या पिंट्याने स्क्रीनगार्ड फाडला ती गोष्ट वेगळी.

तरोडानाका
सगळ्यांचे आभार. काय काय झालं ते सांगते.
खोक्यात एक दिवस बसली, मग सासूबाईंनी त्यात वाळवणाचे कुरडयांचे डबे ठेवले. घमेल्यातला चेंडू चालतो, पण ह्यांनाच जास्त आवडलाय. अंड्याचा ट्रे मस्त, तो राहणार. तुराटीला मोजा बांधून रोज रात्री साडेनऊला खेळवतेय, हात दुखतो, पण आता तीनच्या ऐवजी पाचला उठवते. पाचला सासूबाई उठलेल्याच असतात.
पण मी शेवटी वेगळंच केलं. स्वयंपाकघरातली खिडकी आजवर बंदच असायची, तिला बाहेरून जाळी बसवून घेतली आणि आतून कडाप्प्याची फळी टाकली. सकाळी समोरच्या कडुनिंबावर खारी आणि पारवे येतात. बुंदी फळीवर बसून दात कटकटवत त्यांच्याकडे बघते, मधेच जाळीला पंजा मारते. कुलरकडे फिरकत नाही.

हुरडा_आणि_ताक
जाळी आणि कडाप्पा पन्नास रुपयांत?

तरोडानाका
अकराशे.

वाळूज_नाईटशिफ्ट
🙏 आणि माझ्या बॉलला नावं ठेवली.

तरोडानाका
दादा, खिडकीला चार्जिंग लागत नाही. आणि डास पण थांबले.

कुलरवाला_लातूर
जाळी कुठली घेतली? नायलॉनची असेल तर नखांनी महिनाभरात भोक पडेल. बाहेरून खिळ्यांनी ठोकलीय की फ्रेम? दुसरा मजला आहे, जोर लावला तर जाळीसकट खाली जाईल.

तरोडानाका
लोखंडी, फ्रेममध्ये, स्क्रूने. नायलॉनवाला चारशेत करून देतो म्हणत होता. सासूबाईंनी जाळी बोटाने ताणून बघितली आणि त्याला परत पाठवलं.